सुट्टीतली नातवंडे, घरातला खोकला

गेल्या तीन-चार दशकांत नागपुरातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी गेलेली आणि तिकडेच स्थिरावलेली कुटुंबे आता दुसऱ्या पिढीत पोहोचली असून, त्यांची तिकडे जन्मलेली मुले दर एक-दोन वर्षांनी आजी-आजोबांकडे सुट्टीला येतात. या येण्याजाण्यातून मुलांना क्षयरोगाचा संसर्ग होण्याची शक्यता किती, ती नेमकी कोठून उद्भवते आणि तिच्याविषयी इकडच्या व तिकडच्या वैद्यकाने काय ठरवले आहे, हा या आढाव्याचा विषय आहे. प्रवासातील आजारांचा अभ्यास करणारे वैद्यक अशा पाहुण्यांची गणना पर्यटकांत करीत नाही. नातलगांना भेटायला मूळ गावी जाणारे प्रवासी असा त्यांचा स्वतंत्र वर्ग मानते, आणि त्यामागे सबळ कारण आहे. पर्यटक आठ-दहा दिवस हॉटेलात राहून ताडोब्याचा वाघ पाहून परततो. नातवंड मात्र तीन-चार आठवडे, कधी दोन महिने घरातच राहते, घरच्यांच्या ताटात जेवते, त्यांच्या अंथरुणात झोपते आणि लग्नकार्यापासून बारशापर्यंत सगळीकडे कडेवरून फिरते. क्षयरोगासारख्या, दीर्घ सहवासातून पसरणाऱ्या रोगाच्या दृष्टीने या दोन प्रवासांत फार मोठे अंतर आहे.

या अंतराचे मूळ रोगजंतूच्या स्वभावात आहे. मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलॉसिस हा क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. फुफ्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात, बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात. भांडी, कपडे, टॉवेल किंवा हस्तांदोलन यांतून हा रोग पसरत नाही, हे केव्हाच कळून चुकले असले तरी अनेक घरांत रोग्याचा पेला वेगळा ठेवला जातो आणि खिडकी मात्र बंदच राहते. जंतू शरीरात शिरणे म्हणजे संसर्ग, आणि त्याने शरीराला इजा पोहोचवून लक्षणे उत्पन्न करणे म्हणजे रोग. या दोहोंतला फरक ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांच्या शरीरात जंतू सुप्तावस्थेत पडून राहतो आणि निरोगी प्रौढांपैकी दहांतल्या नऊ जणांना जन्मभर त्रास देत नाही.

मुलांचे गणित वेगळे आहे. क्षयावर औषधे निघण्यापूर्वीच्या काळातील नोंदी एकत्र करून दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २००४ साली जी मांडणी केली, तिच्यानुसार संसर्ग झालेल्या एक वर्षाच्या आतील बाळांपैकी सुमारे निम्म्यांना रोग होतो, आणि त्यांतील बऱ्याच बाळांत तो मेंदूच्या आवरणापर्यंत किंवा सर्व शरीरभर पसरतो. एक ते दोन वर्षांच्या वयात हे प्रमाण घटत जाते, दोन ते पाच वर्षांत वीसांत एकाच्या आसपास येते आणि पाच ते दहा या वयात सर्वांत कमी, म्हणजे शंभरांत दोनच्या घरात असते; पौगंडावस्थेत ते पुन्हा वर चढते. शिवाय मुलांत संसर्गापासून रोगापर्यंतचा काळ लहान असतो आणि बहुतेकांचा रोग पहिल्या वर्षभरातच प्रकट होतो. म्हणजे ‘मुले सुट्टीला येतात’ हे एक वाक्य असले तरी त्यात सहा महिन्यांचे तान्हे, आठ वर्षांचे शाळकरी मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा हे तीन निरनिराळे प्रश्न सामावलेले आहेत, आणि त्यांपैकी पहिला सर्वांत गंभीर आहे.

धोक्याचे माप काढायचे तर दोन देशांतील रोगाचे प्रमाण प्रथम पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली भारतात लाखामागे १९५ नवे रुग्ण होते. २०१५ साली हा आकडा २३७ होता, म्हणजे उतार आहे, तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण भारतातच असतात. अमेरिकेत हेच प्रमाण लाखामागे सुमारे तीन आहे. एवढ्यावरून मूल अमेरिकेतून नागपुरात उतरले की त्याचा धोका साठपट होतो असा निष्कर्ष काढणे सोपे, पण तो फारसा उपयोगी नाही. त्यापेक्षा उपयोगी माप वार्षिक संसर्गदराचे आहे: एका वर्षात किती टक्के मुलांच्या शरीरात नव्याने जंतू शिरतो, हे ते सांगते. भारतात २००० ते २००३ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हा दर सुमारे दीड टक्का आढळला आणि २००९-१० च्या पाहणीत तो एक टक्क्याच्या जवळ आला. एक टक्का वार्षिक दर धरला तर महिनाभराच्या मुक्कामात हजार मुलांपैकी एकालाही संसर्ग होईल न होईल, एवढाच धोका निघतो. नेदरलँड्समधून क्षयबहुल देशांत दीर्घ प्रवासाला गेलेल्यांचा जो अभ्यास २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आरोग्यसेवक वगळता हा धोका दरमहा हजारी २.८ होता. ही संख्या भारतीय सरासरीच्या तिपटीहून मोठी असली तरी त्याच घरातली आहे.

हजारांत एक ते तीन, हा आकडा ऐकून कोणत्याही आईवडिलांनी विमानाचे तिकीट रद्द करण्याचे कारण नाही. परंतु सरासरीच्या पोटात एक मोठी विषमता दडलेली असते. क्षयाचा संसर्ग पावसासारखा सर्वांवर सारखा पडत नाही. बहुतेक मुलांच्या वाट्याला तो मुळीच येत नाही आणि ज्यांच्या घरात निदान न झालेला, खोकणारा रुग्ण आहे त्यांच्या वाट्याला तो भरभरून येतो. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासांची एकत्रित मांडणी केली असता रुग्णाच्या निकट सहवासातील व्यक्तींपैकी जवळजवळ निम्म्यांत संसर्ग आढळला आहे. एकीकडे हजारांत एक आणि दुसरीकडे दोघांत एक, अशी ही दरी आहे. म्हणून खरा प्रश्न ‘नागपुरात क्षयरोग किती आहे’ हा नसून ‘ज्या घरी मूल उतरणार आहे त्या घरात कोण खोकते आहे’ हा आहे. सीताबर्डीच्या गर्दीत, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा बसस्थानकावर काढलेल्या तासाभराच्या तुलनेत, खोकणाऱ्या माणसाशेजारी काढलेल्या वीस रात्री कितीतरी अधिक धोक्याच्या असतात, आणि परदेशस्थ पालकांची सारी काळजी मात्र नेमकी पहिल्या गोष्टीभोवती फिरताना दिसते.

घरातले कोण, याचे उत्तर देशव्यापी पाहणीतून मिळते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकसंख्येत जंतूचा संसर्ग सुमारे ३१ टक्के लोकांत, आणि फुफ्फुसाचा सिद्ध झालेला रोग लाखामागे ३१६ जणांत आढळला. रोगाचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत आणि तरुणांपेक्षा वृद्धांत अधिक होते. तरुणपणी शरीरात शिरून निजलेला जंतू म्हातारपणी, प्रतिकारशक्ती मंदावली की पुन्हा जागा होतो, आणि मधुमेह असला तर ही शक्यता दुपटी-तिपटीने वाढते. मध्यमवर्गीय घरातील सत्तरीच्या आजोबांचा जुनाट खोकला ‘दमा’, ‘तंबाखूची ढास’ किंवा ‘हवा बदलली’ या नावाखाली खपून जातो, ज्येष्ठमध व अडुळशाच्या काढ्यावर महिने काढले जातात, आणि सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी घरात हा रोग असूच शकत नाही अशी एक समजूत सर्वांना निश्चिंत ठेवते. नातवंडे येणार म्हटल्यावर संशय येतो तो स्वयंपाकाच्या किंवा धुण्याभांड्याच्या बाईंवर, आणि त्यांना महिनाभर सुट्टी देण्यापर्यंत काही घरांची मजल जाते. स्वयंपाकघरात तासभर वावरणाऱ्या बाईंची खोकला असल्यास तपासणी व्हावी, उपचार लागल्यास पगार न कापता व्हावेत, यात दुमत नाही; पण रात्रभर शेजारी झोपणाऱ्या आजोबांना त्या तपासणीतून सूट देणे म्हणजे रोगाच्या शास्त्रापेक्षा वर्गाच्या अहंकारावर जास्त विश्वास ठेवणे होय.

नागपूरच्या हवामानाचाही येथे विचार करायला हवा. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांवर गेला की शहर दुपारी दारे-खिडक्या लावून घेते. वाळ्याच्या ताट्यांचा जुना कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो आणि पलीकडची खिडकी किलकिली ठेवल्याशिवाय तो नीट चालतच नाही, त्यामुळे खोलीतील हवा सतत बदलत राहते. वातानुकूलन यंत्र मात्र बंद खोलीतील तीच हवा फिरवून गार करते, आणि परदेशातून आलेल्या मुलांना उन्हाळा सोसवत नाही म्हणून बसवलेल्या अशा एकाच खोलीत सगळे कुटुंब झोपते. खोकणारा माणूस त्यात असेल तर कूलरची घरघर परवडली असे म्हणावे लागेल. डिसेंबरात येणाऱ्यांची गोष्टही थंडीमुळे बंद ठेवलेल्या खिडक्यांची, म्हणजे तशीच असते. विमानप्रवासाची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार आठ तासांहून लांबच्या उड्डाणात संसर्गजन्य रुग्ण असल्याचे नंतर कळले तर त्याच्या रांगेतील आणि मागच्या-पुढच्या दोन रांगांतील प्रवाशांचाच विचार करावा लागतो. गुराढोरांतील क्षयाचा जंतू कच्च्या दुधातून मुलांना बाधू शकतो. तो मार्ग मराठी स्वयंपाकघरातील दूध उकळूनच घेण्याच्या जुन्या शिस्तीने कधीच अडवून धरलेला आहे.

आतापर्यंत मूल प्रवास करते असे गृहीत धरले. पण कित्येकदा मूल जागचे हलत नाही आणि प्रवास आजी करते. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणे हा आता नागपूरच्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या साठीतला जवळजवळ ठरलेला टप्पा झाला आहे. अभ्यागत व्हिसावर सहसा सहा महिने राहता येते, थंडीत खिडक्या बंद असलेल्या घरात बाळ दिवसभर तिच्याच मांडीवर असते, आणि अमेरिकेत बीसीजीची लस सर्व बाळांना देण्याची पद्धत नसल्याने ते बाळ लसीविना असते. कॅलिफोर्नियातील मुलांचा जो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला, त्यात क्षयाच्या त्वचाचाचणीत होकारार्थी निघालेल्या मुलांत गेल्या वर्षभरात परदेशप्रवास झालेला असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट, आणि क्षयबहुल देशातील पाहुणा घरी येऊन राहिलेला असण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली होती. अमेरिकेत क्षय झालेल्या, तिथेच जन्मलेल्या बालकांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांचे आई किंवा वडील परदेशात जन्मलेले असतात, हेही तिकडच्या नोंदींतून दिसते. रोग मुलाच्या प्रवासामागे जात नाही, तो कुटुंबाच्या जवळिकीमागे जातो. प्रवास ही जवळीक थोड्या काळात दाट करतो, एवढेच.

सरकारी तपासण्यांची रचना मात्र ही गोष्ट जाणत नाही. अमेरिकेत कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या, क्षयबहुल देशांतील दोन वर्षांवरील मुलांची रक्तचाचणी होते आणि मोठ्यांच्या छातीचा एक्स-रे काढला जातो. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ राहायला जाणाऱ्या भारतीयांना एक्स-रे द्यावा लागतो. आखातात नोकरीला जाणाऱ्या कामगाराची तर छाती पाहिल्याशिवाय व्हिसाच निघत नाही. परंतु अमेरिकेत तात्पुरत्या कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर जाणारे, अभ्यागत म्हणून जाणारी आजी, आणि तिकडचे पारपत्र असलेले व सुट्टीवरून परतणारे नातवंड या तिघांनाही कोणी काही विचारत नाही. पारपत्राच्या रंगावरून रोग ओळखण्याच्या या पद्धतीला इतिहासाचाही आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेची शहरे क्षयाने पोखरलेली होती आणि माणसांच्या एकूण मृत्यूंपैकी सातवा हिस्सा या रोगाचा असल्याचे कॉख यांनी सांगितले होते. त्याच काळात, १८८३ साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या, तिथल्या वास्तव्यातच प्रकृती ढासळून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने वारल्या. परदेशगमनाशी जोडला गेलेला मराठी समाजातील सर्वांत ठळक क्षयमृत्यू हा असा उलट दिशेचा आहे.

बीसीजी लसीविषयी दोन्हीकडे गैरसमज भरपूर आहेत. काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी तयार केलेली ही लस १९२१ साली पॅरिसमध्ये प्रथम दिली गेली आणि भारतात १९४८ पासून तिचा वापर सुरू झाला. मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून लाखो लोकांवर झालेल्या चाचणीत प्रौढांच्या फुफ्फुसक्षयापासून तिने संरक्षण दिले नाही, आणि या निकालाने जगभर खळबळ उडाली. परंतु तान्ह्या मुलांतील मेंदूज्वराच्या स्वरूपाचा व सर्वांगात पसरणारा क्षय ती बऱ्याच प्रमाणात टाळते, यावर वैद्यकाचे एकमत आहे, आणि म्हणूनच भारतात ती जन्मतःच डाव्या दंडावर टोचली जाते. ब्रिटनने शाळकरी मुलांना सरसकट लस देणे २००५ साली थांबवले, पण ज्या बाळाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा लाखामागे चाळीस किंवा अधिक रुग्ण असलेल्या देशात जन्मले आहेत त्याला ती आजही दिली जाते. ऑस्ट्रेलियात अशा देशात दीर्घकाळ राहायला जाणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांसाठी तिची शिफारस आहे. या दोन्ही धोरणांत, विशेषतः आजी-आजोबांपर्यंत मागे जाणाऱ्या ब्रिटिश नियमात, कुटुंबाच्या वास्तवाची जाण दिसते. अमेरिकेच्या धोरणात ती नाही.

लसीचे संरक्षण तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्यामुळे मूल नागपुरात उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याला धंतोलीतील एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन बीसीजी टोचून घेण्याचा जो आग्रह आजी-आजोबा धरतात, त्याचा तीन आठवड्यांच्या मुक्कामात काहीच उपयोग होत नाही. उलट परतल्यावर होणाऱ्या त्वचाचाचणीचा अर्थ लावणे अवघड होऊन बसते. द्यायचीच असेल तर प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी, आणि मुलाच्या प्रतिकारशक्तीत दोष नसल्याची खात्री करून द्यावी, कारण ही जिवंत जंतूंची लस आहे.

चाचण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिली ट्यूबरक्युलिनची, जिला लोक ‘माँटू’ म्हणतात: हाताच्या कातडीत जंतूच्या प्रथिनांचा थेंब टोचून ४८ ते ७२ तासांनी उठलेली गाठ मोजतात. दुसरी रक्ताची, क्वांटिफेरॉनसारख्या नावांनी चालणारी. तीत वापरलेली प्रथिने बीसीजीच्या जंतूत नसल्यामुळे लसीमुळे ती खोटी होकारार्थी येत नाही. दोन्ही चाचण्या संसर्ग दाखवतात, रोग दाखवत नाहीत, आणि संसर्गानंतर त्या होकारार्थी व्हायला काही आठवडे जावे लागतात. म्हणून परतल्यानंतर आठ ते दहा आठवड्यांनी चाचणी करावी, विमानतळावरून थेट दवाखान्यात जाऊन नव्हे. होकारार्थी निकालावर भारतीय पालकांचे ठरलेले उत्तर असते की ते बीसीजीमुळे आहे, आणि तिकडचे डॉक्टरही कित्येकदा ते मान्य करतात. पण ज्या मुलाच्या दंडावर लसीची खूण आईवडिलांसारखी नाहीच, त्याच्या बाबतीत हे उत्तर लागू कसे होणार? जन्मतः लस घेतलेल्या मुलांतही तिचा त्वचाचाचणीवरचा प्रभाव काही वर्षांत बहुतांशी विरून जातो. क्षयाच्या निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचण्यांवर भारत सरकारने २०१२ साली बंदी घातली आहे, आणि क्वांटिफेरॉनचा त्यांच्याशी संबंध नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

चाचणी होकारार्थी आली, छातीचा एक्स-रे स्वच्छ निघाला आणि लक्षणे नसली, तर प्रतिबंधक उपचार दिले जातात: दोन वर्षांवरील मुलांना आयसोनियाझिड व रिफापेंटीन यांचे आठवड्यातून एकदा असे बारा डोस, किंवा रिफॅम्पिसिन रोज चार महिने, किंवा आयसोनियाझिड-रिफॅम्पिसिनची जोडी तीन महिने. येथे संसर्ग कोणत्या देशात झाला याला महत्त्व येते. भारतातील पहिल्या राष्ट्रीय औषध-प्रतिरोध पाहणीत, म्हणजे २०१४ ते २०१६ या काळात, नव्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के रुग्णांत आयसोनियाझिडला न जुमानणारे जंतू सापडले होते. तेव्हा नुसत्या आयसोनियाझिडवर विसंबण्यापेक्षा रिफॅम्पिसिनच्या गटातील औषध असलेला क्रम अधिक भरवशाचा ठरतो. आणि घरातल्या कोणाचा रोग नंतर उघड झाला, तर त्याच्या जंतूची औषध-संवेदनशीलता तपासणी काय सांगते, हे परदेशातील मुलाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचणे सर्वांत मोलाचे असते. ही तपासणी करणारी क्षयरोगाची प्रयोगशाळा नागपुरातच आहे. अडचण शास्त्राची नसते, अडचण ती बातमी सातासमुद्रापार कळवण्याच्या संकोचाची असते.

या संकोचाला भाषेतही जागा मिळाली आहे. मराठी घरांत मुलाला ‘टीबी’ झाला असे कोणी म्हणत नाही. ‘प्रायमरी’ झाला होता असे म्हणतात, आणि मोठ्यांच्या बाबतीत ‘फुफ्फुसावर डाग’ असतो. प्रायमरी कॉम्प्लेक्स म्हणजे पहिल्या संसर्गाची फुफ्फुसातील व लसिकाग्रंथींतील खूण. पण हा शब्द भूक न लागणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या कोणत्याही मुलाला लावला जाऊन कित्येकांना विनाकारण सहा महिने औषधे मिळाली, आणि ज्यांना खरोखर रोग होता त्यांच्या घरात स्रोत शोधण्याचे राहून गेले. लग्न ठरताना अडचण नको म्हणून दडवलेला काकांचा जुना क्षय वीस वर्षांनी न्यू जर्सीतील बालरोगतज्ज्ञाच्या प्रश्नावलीत ‘कुटुंबात कोणालाही नाही’ या उत्तराच्या रूपाने पुन्हा दडतो. मुलांत थुंकी पडत नाही, जंतू थोडे असतात, त्यामुळे निदान मुळातच कठीण असते. सकाळी उपाशीपोटी जठरातील द्रव काढून किंवा शौचाचा नमुना घेऊन सीबीनॅटसारखी जनुकीय चाचणी करावी लागते. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा ताप किंवा खोकला, तीन महिन्यांत पाच टक्के वजन घटणे, आणि तान्ह्या मुलात चिडचिड, उलट्या व गुंगी, ही लक्षणे दिसली तर भारतातील प्रवासाची माहिती डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पालकांनी सांगायला हवी. ज्या डॉक्टराने नोकरीच्या सबंध काळात बालकाचा क्षय पाहिलेला नाही, त्याला तो आपोआप आठवणार नाही.

स्थलांतरित कुटुंब या शब्दाला नागपुरात आणखी एक अर्थ आहे, आणि तो वगळून हा आढावा पुरा होऊ शकत नाही. बालाघाट, सिवनी, राजनांदगाव या भागांतून बांधकामावर व वीटभट्ट्यांवर येणारी कुटुंबेही मुलाबाळांसह प्रवास करतात. त्यांच्या झोपडीत एकच खोली असते, उपचार चालू असलेला बाप काम संपताच दुसऱ्या गावी जातो आणि त्याच्या गोळ्यांचा क्रम मागे राहतो. २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक झाले, निक्षय या प्रणालीमुळे ती नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, आणि रुग्णांना मिळणारे दरमहा ५०० रुपयांचे पोषण-साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. झारखंडमधील ज्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, तीत रुग्णाच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिल्याने त्यांच्यात नव्याने होणारा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. अमेरिकेतून आलेल्या धष्टपुष्ट मुलाला जंतू लागला तरी रोग टाळण्याचे डझनभर मार्ग त्याच्यापुढे खुले असतात. वीटभट्टीवरच्या मुलाचा धोका त्याच्याहून अनेकपट मोठा असूनही त्याच्यावर प्रवासी बालकांचा शोधनिबंध कोणी लिहीत नाही.

दोन्ही मुलांसाठी करण्याजोगे पहिले काम सारखेच, म्हणजे मोठ्यांचा खोकला वेळेवर तपासण्याचे आहे. योग्य उपचार सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रुग्णांपासून संसर्ग पसरायचा थांबतो, त्यामुळे नातवंडांच्या तिकिटाची तारीख ठरताच, किंवा बाळंतपणासाठी स्वतःचे तिकीट काढण्यापूर्वी, घरातील ज्या कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याचे वजन उगाच घटते आहे, त्याने थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्यावा. कामाला येणाऱ्या बाईंनाही, त्यांच्या मुलांसाठी म्हणून, तेच सांगावे. नागपुरात मेडिकल व मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांमार्फत थुंकीची ही तपासणी विनामूल्य होते.